घर विकत नाही? घोडं कुठं पेंड खातंय ते असं शोधा

गेटवर 'घर विकणे आहे'ची पाटी लावून आठ महिने झाले. तीन एजंटांना सांगून झालं, पाहुण्यारावळ्यांना सांगून झालं, आणि घर आहे तिथंच आहे. मालकाचं उत्तर ठरलेलं असतं: "सध्या मार्केटच थंड आहे." पण दोन गल्ल्या पलीकडचं तसंच घर दीड महिन्यात गेलेलं असतं, त्याचं उत्तर मालकाकडं नसतं.

घर विकलं जातं ते चार पायऱ्यांनी. आधी फोन येतो, मग गिऱ्हाईक बघायला येतं, मग किंमत बोलतं आणि शेवटी कागद तपासून पैसे मोजतं. तुमचं गिऱ्हाईक नेमकं कोणत्या पायरीवरून परत फिरतंय, एवढं कळलं तर निम्मं काम झालं. त्यासाठी एक वही करा. फोन कधी आला, कुणामार्फत आला, बघायला आले का, काय विचारलं, पुढं काय झालं, एवढंच लिहायचं. तीन महिन्यांची ही वही कुठल्याही एजंटापेक्षा खरं बोलते.

फोनच येत नसतील तर

किंमत चुकली आहे. क्वचित जाहिरात चुकलेली असते, पण दहातल्या नऊ वेळा किंमतच, असं धरून चाला.

मालक किंमत दोन गोष्टींवरून ठरवतो. एक, "पलीकडचं घर ऐंशी लाखाला गेलं म्हणे." या 'म्हणे'ला काही अर्थ नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सि.स. नंबर (सिटी सर्व्हे, म्हणजे नगर भूमापन क्रमांक) टाकून नोंदलेल्या व्यवहाराची सूची क्रमांक दोन, म्हणजे व्यवहाराचा सारांश, बघता येते. त्यात मोबदला आणि शासनाचं बाजारमूल्य, दोन्ही आकडे असतात. आपल्या परिसरातले गेल्या वर्ष-दीड वर्षातले चार-पाच व्यवहार काढा. काही व्यवहारांत कागदावरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो हे उघड गुपित आहे, तरीही 'म्हणे'पेक्षा ही सूची बरी.

दुसरी गोष्ट म्हणजे "बांधायलाच मला एवढे लागले." घेणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे किंमत ठरवणारा माणूस, जमिनीची किंमत वेगळी काढतो आणि बांधकामाची वेगळी. समजा, आरसीसी बांधकाम 1,000 चौरस फूट आहे आणि आज तसंच बांधायला चौरस फुटाला 1,800 रुपये लागतील, म्हणजे 18 लाख. इमारतीचं आयुष्य 60 वर्षं धरलं आणि घर 30 वर्षांचं असलं, तर 10 टक्के भंगारमूल्य बाजूला ठेवून घसारा, म्हणजे वयामुळं झालेली घट, 45 टक्के होतो. राहिले 9 लाख 90 हजार. आत लावलेलं इटालियन मार्बल, सागवानी दार, पीओपी यांनी घर लवकर पसंत पडतं, पण भावात त्यांचे घातलेले पैसे परत येत नाहीत. पेठेतल्या दगडमातीच्या, कौलारू घराचं गणित तर आणखी कडू आहे. तिथं घेणारा जागेचा भाव धरतो आणि वरून घर पाडायचा आणि राडारोडा उचलायचा खर्च वजा करतो.

फ्लॅट असेल तर 'एक हजार फुटाचा' या शब्दाची आधी फोड करा. बिल्डरनं जिना, लॉबी, भिंती सगळं धरून हजार सांगितलेले असतात. आत टेप लावली की कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, सातशेच्या घरात भरतं. आजचं गिऱ्हाईक रेरा या घरखरेदीच्या कायद्यानंतरचं आहे, ते कार्पेटवरच भाव काढतं. तुम्ही हजारावर आणि ते सातशेवर हिशेब करत असाल तर बोलणी सुरूच होत नाहीत.

किंमत उतरवताना पन्नास-पन्नास हजारांनी उतरवू नका. प्रॉपर्टीच्या ॲपवर लोक '50 लाखांच्या आत' अशी चाळणी लावून शोधतात. 51 लाखांचं घर त्या चाळणीतून खाली पडतच नाही. उतरायचंच असेल तर एकदाच, पुढच्या चाळणीत बसेल इतकं उतरा. दर पंधरवड्याला थोडं थोडं उतरणारं घर बघून गिऱ्हाईक म्हणतं, थांबू अजून.

फोन येतात, पण बघायला कुणी येत नाही

इथं जाहिरातीत लपवलेली एखादी गोष्ट फोनवर बाहेर येत असते. तिसरा मजला पण लिफ्ट नाही, बोळात चारचाकी जात नाही, दक्षिणेला तोंड आहे, पाणी एक दिवसाआड येतं. हे सगळं जाहिरातीतच सांगा. फोन कमी येतील, पण जे येतील ते कामाचे असतील. दक्षिणमुखी घर विकत नाही असं नाही, घेणारे कमी असतात इतकंच. त्यावर वास्तुतज्ज्ञाकडून तोडफोड करून घेण्यात पैसे घालू नका.

कोल्हापुरात मात्र एक प्रश्न फोनवरच येतो: "2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी नदी 55 फुटांच्या वर गेली. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा खालचा भाग इथल्या घराला हा प्रश्न चुकत नाही. 'आमच्याकडं नव्हतं आलं' असं खोटं सांगून उपयोग नसतो. गिऱ्हाईक समोरच्या किराणा दुकानात विचारतं, आणि भिंतीवरची गढूळ रेघ रंगाखालूनही वर येते.

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात परवानगी मिळते ती अटींवर, आणि त्यातली मुख्य अट म्हणजे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 45 सेंटीमीटर उंच हवं. घर पाडून नवं बांधायच्या विचारानं येणाऱ्या माणसाला या रेषा भावापेक्षा महत्त्वाच्या असतात. आपली मिळकत रेषेच्या कुठल्या बाजूला आहे याचा दाखला आधीच काढून ठेवा. बाहेर असाल तर तो दाखला हीच जाहिरात. आत असाल तर भाव त्या हिशेबानं लावा, आणि पाणी किती फूट चढलं होतं, किती दिवस राहिलं, त्यानंतर वायरिंग कुठल्या उंचीवर घेतलं हे स्वतःहून सांगा. वरच्या मजल्याच्या फ्लॅटला खाली पार्किंगमध्ये पाणी येणं आणि तळमजल्याच्या घरात पाणी येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक सांगितला नाही तर गिऱ्हाईक वाईटच धरतं.

बघून जातात, परत येत नाहीत

कारण बहुतेक वेळा ओल असते. कोल्हापूरचा पाऊस जून ते सप्टेंबर भिंतीवर आपली सही करून जातो. मालकाला तो वास सवयीनं येत नाही, पाहुण्याला दारातच येतो.

ओल कुठून येते ते तिच्या जागेवरून कळतं. भिंतीच्या खालच्या तीन फुटांत गिलावा फुगलाय, हात लावला की पांढरी पूड पडते, तर पाणी जोत्यातून वर चढतंय. ती पूड म्हणजे खार. पाणी सुकतं आणि क्षार मागं राहतात. छताला पिवळे गोल डाग असतील तर स्लॅबवरचा कोबा (सिमेंटचा थर) फुटलाय किंवा पॅराफीटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, बुंध्याचा गोलावा निघालाय. बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीत बारमाही ओल असेल तर पाईप गळतोय, त्याचा पावसाशी संबंध नाही. खात्री करायची असेल तर फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिक कागद चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली हवाच दमट आहे. गच्चीसाठी पाणी जायच्या तोट्या बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस साठवा आणि खालून छत बघा.

नेहमीची चूक अशी: गिऱ्हाईक येणार म्हणून आदल्या आठवड्यात ओल्या गिलाव्यावर पुट्टी आणि रंग. दीड महिन्यात पोपडे सुटतात, आणि दुसऱ्यांदा बघायला आलेला माणूस 'हे काय लपवतायत' असा निष्कर्ष काढून जातो. खारावलेला गिलावा विटेपर्यंत काढायचा, भिंत उघडी ठेवून सुकू द्यायची, मग नवा गिलावा, आणि रंग सगळ्यात शेवटी. हे काम मार्च ते मे या महिन्यांतच होतं. जुलैत केलं तर पैसे पाण्यात.

बाकी आवराआवर किरकोळ आहे. माळ्यावरची भांडी, बंद पडलेला फ्रिज, जिन्याखालचा भंगाराचा ढीग काढा. घरात भाडेकरू असेल तर मात्र गोष्ट किरकोळ राहत नाही. जुन्या पेठांत साठ रुपये भाड्यावर तीन पिढ्या राहणारी माणसं आहेत. ती असताना घर विकता येतं, पण भाडेकरू घराबरोबर जातो आणि किंमत निम्म्यावर येऊ शकते. 'घेतल्यावर तुम्ही बघून घ्या' हे वाक्य ऐकून कर्जवालं गिऱ्हाईक उठतं.

भाव ठरतो, मग व्यवहार मोडतो

सगळ्यात जास्त घरं इथं अडतात, आणि सगळ्यात जास्त मालकांना हे शेवटी कळतं. संचकार, म्हणजे इसार, घ्यायची वेळ येते, गिऱ्हाईक कागद वकिलाकडं देतं, आठवड्यानं फोन येतो, "जरा घरच्यांशी बोलून सांगतो." घरच्यांशी काही बोलायचं नसतं, वकिलानं नको म्हणून सांगितलेलं असतं.

प्रॉपर्टी कार्ड हातात घ्या. कोल्हापुरात मिळकतीची ओळखच 'सि.स. नं. अमुक, ई वॉर्ड' अशी होते. ए पासून ई पर्यंत वॉर्ड आहेत आणि नंबर वॉर्डानुसार पुन्हा पुन्हा येतात. वॉर्ड चुकला तर भलत्याचंच कार्ड निघतं. आधी क्षेत्र बघा. ते चौरस मीटरमध्ये असतं, 10.764 नं गुणा. कार्डावर 83.6 चौ.मी. असेल तर जागा 900 चौरस फूट. तुमच्या खरेदीपत्रात हजार लिहिलं असेल तर ते शंभर फूट कुठं गेले? रस्तारुंदीकरणात गेले असतील, शेजाऱ्याच्या भिंतीत असतील किंवा आजोबांनी पावलांनी मोजले असतील. घेणारा 900 चेच पैसे देणार, बँकही 900 च धरणार. वाद असेल तर नगर भूमापन कार्यालयातून हद्द कायम मोजणी करून घ्या. तिला वेळ लागतो, म्हणून पाटी लावायच्या आधीच अर्ज टाका.

मग सत्ता प्रकाराचा रकाना, म्हणजे जागा कोणत्या हक्कानं तुमच्याकडं आहे ते. 'क' असेल तर सहसा निवांत. 'ब' असेल तर शासनाच्या अटी आणि हक्क गुंतलेले असतात, आणि हस्तांतराला जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते का हे आधी तपासावं लागतं. कोल्हापुरात 'ब' लागलेल्या मिळकतींचा प्रश्न जुना आहे. अनेकांना आपल्या कार्डावर 'ब' आहे हे विकायला काढल्यावरच समजतं. सातबाऱ्याची जागा असेल तर तिथं हाच प्रश्न 'भोगवटादार वर्ग 2' या शब्दांत बसलेला असतो.

त्याच कार्डावर 'इतर भार' असा रकाना आहे. वडिलांनी 1996 साली पतसंस्थेचं कर्ज काढलं, फेडलं, आणि बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, मात्र तसाच. संस्थेचा 'येणे बाकी नाही' दाखला घेऊन बोजा कमी करायचा अर्ज द्यावा लागतो. फेरफाराला हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस असते, त्यामुळं हे दोन दिवसांत होत नाही. संस्था अवसायनात निघाली, म्हणजे बंद करायला काढली असेल, तर ते काम बघणाऱ्या अवसायकाकडं जावं लागतं. सातबाऱ्यावर 'इतर हक्कात' विकास सोसायटीचा ई-करार, म्हणजे पीककर्जाची नोंद, दिसतो, त्याचंही तेच.

आता सह्यांचा विषय. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या हिश्श्यात आई, मुलगे आणि मुली सारख्याच वाटेकरी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानं आहे, हे 2005 च्या दुरुस्तीनं आलं आणि 11 ऑगस्ट 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पक्कं झालं. वडील 2005 आधी वारले असले तरी हा हक्क राहू शकतो, पण त्या निकालात आणखी बरंच काही आहे, आणि तुमच्या वकिलाला वंशावळ दाखवल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. वारस नोंदीत बहिणीचं नाव घातलं नाही म्हणून तिचा हिस्सा जात नाही. "ताईला काय नको आहे, ती तसं म्हणालीय" हे तोंडी बोलणं वकील मानत नाही. ताईनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं किंवा खरेदीपत्रावर सही करावी. आणि तिला हिस्सा हवा असेल तर तो तिचा आहे. ती बोलणी गिऱ्हाईक यायच्या आधी घरात बसून करा, संचकाराच्या टेबलावर नाही. भाऊ परदेशात असेल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं वटमुखत्यारपत्र लागतं, आणि ते इथं पोहोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक व्हावा लागतो.

घरफाळ्याची पावती मालकीचा पुरावा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही पहिल्या भेटीत फाइलमधून तीच निघते. घरफाळा आणि पाणीपट्टी भरलेली हवीच, पण त्यासोबत मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र (राहायला दिलेली परवानगी) हवं. मंजुरी तळ आणि पहिल्या मजल्याची आणि वर दोन खोल्या अंदाजानं चढवलेल्या असतील, तर व्हॅल्युअर त्या खोल्यांची किंमत शून्य धरतो.

शहराबाहेर हा गुंता वाढतो. कोल्हापूर महापालिका 1972 साली झाली आणि हद्द पुढची कित्येक दशकं वाढली नाही. शहर मात्र पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडीकडं केव्हाच पसरलं. तिथं बरीच घरं गुंठेवारीच्या प्लॉटवर, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यांनी पाडलेल्या तुकड्यांवर, ग्रामपंचायतीच्या कागदावर उभी आहेत. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. सातबाऱ्यावर दहा जणांची सामाईक नावं आणि तुमचा हिस्सा फक्त आण्यांत, असं असेल तर सरकारी बँक दारात उभी करत नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणाची सोय आहे, 2021 च्या दुरुस्तीनं ती 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या भूखंडांपर्यंत वाढवली. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र असलेलं आणि नसलेलं, एकाच गल्लीतली दोन घरं वेगळ्या बाजारात विकली जातात.

बँक जे देते त्यावरच गिऱ्हाईक बोलतं

साठ लाखांचं घर. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, आणि किंमत म्हणजे करारातला आकडा किंवा व्हॅल्युएशन, यातलं जे कमी असेल ते. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे 3 लाख 60 हजार, अधिक नोंदणी फी 30 हजार. हे पैसे बँक धरत नाही. व्हॅल्युएशन 60 आलं तर गिऱ्हाइकाला खिशातून 12 लाख आणि हे 3 लाख 90 हजार, मिळून 15 लाख 90 हजार लागतात. व्हॅल्युएशन 48 वर आलं तर कर्ज 38 लाख 40 हजार, आणि खिशातून 25 लाख 50 हजार. माणूस तोच, घर तेच, आणि साडेनऊ लाखांचा खड्डा पडला. व्यवहार मोडतो तो इथं. खरेदीदार महिला असेल तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे; ते सुचवायला विसरू नका, पण त्यानं हा खड्डा भरत नाही.

'निम्मे वरचे, निम्मे कागदावर', म्हणजे निम्मे पैसे कागदावर न दाखवता रोख, हा आग्रह हाच खड्डा मुद्दाम खणतो. कागदावर 40 दाखवले तर बँक 40 वरच कर्ज देते. शिवाय मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. पगारदार गिऱ्हाईक गमवायचं असेल तरच हा आग्रह धरा.

उलटा प्रकारही असतो. अरुंद बोळातल्या मिळकतीला रेडिरेकनरचा, म्हणजे शासनानं ठरवलेला, दर जास्त आणि खरा भाव कमी. रेकनरनं 50 लाख आणि व्यवहार 44 लाखांना झाला, तर फरक 10 टक्क्यांच्या सवलतीत बसत नाही. विकणाऱ्याला 50 वर भांडवली नफ्याचा कर आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात वरचे 6 लाख मिळवले जातात. सीए कडून हा हिशेब भाव ठरवण्याआधी करून घ्या.

एजंट आणि संचकार

पाच एजंटांना पाच वेगळे आकडे सांगितलेलं घर ॲपवर पाच किमतींना दिसतं. गिऱ्हाईक सगळ्यात खालची धरून बसतं. एक किंवा दोनच एजंट, एकच किंमत, आणि दलाली कोण किती देणार हे कागदावर.

पितृपक्षात व्यवहार होत नाहीत, तो पंधरवडा सोडून द्या. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांच्या आधीचे दोन महिने बघायला येणारे जास्त असतात, म्हणून कागद त्याआधी तयार हवेत.

संचकारपत्रात मुदत घाला, साधारण तीन महिने, आणि बँकेनं व्हॅल्युएशन कमी दिलं किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर इसाराचं काय होणार ते स्पष्ट लिहा. चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते, लिहिताना शेजाऱ्यांची आजची नावं घाला. जुन्या खरेदीपत्रावरून 'पूर्वेस अमुक यांचे परडे' (घरामागची मोकळी जागा) असं उतरवून काढलं जातं, आणि त्या परड्यात एव्हाना चार मजली अपार्टमेंट उभं असतं. बँकेचा माणूस कागद घेऊन दारात येतो तेव्हा त्याला परडं सापडत नाही, आणि फाइल परत जाते.